कोकणात जाताय? मग दुपारी झोप काढा

पत्र

ताई,
मुलगा, सून आणि दोन नातवंडं (नात बारा वर्षांची, नातू आठ) नाताळच्या सुट्टीत टोरांटोहून पुण्याला येताहेत, तीन वर्षांनी. सगळ्यांनी मिळून आठ दिवस कोकणात जायचं ठरलंय. इथवर एकमत. पुढे मुलाला समुद्र हवाय. सुनेला जुनी गावं आणि हाताने केलेल्या वस्तू बघायच्या आहेत (माहेर गुजराती, वाढली तिकडेच, पक्की शाकाहारी). सासूबाई शहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण देवळं सोडणार नाहीत. ह्यांना गाडी चालवायची हौस आहे, फक्त अंधार पडला की डोळे साथ देत नाहीत. नातवंडांना मराठी समजतं, बोलताना मात्र लाजतात. एका एजंटने गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, रेडी, गोवा असा एकूण चौदा ठिकाणांचा कार्यक्रम आखून दिलाय. शिवाय तारकर्लीला स्वयंपाकघरासकट बंगला मिळेल, स्वस्त पडेल म्हणतो. कागदावर सगळ्यांचं सगळं बसलंय, पण मला वाचूनच दमायला झालं. मला स्वतःला एवढंच हवंय की आठ दिवस ओट्यापाशी उभं राहायला लागू नये. काय करू?
मधली, पुणे

उत्तर

मधल्याताई,

वाचून दमलात यात तुमचं काही चुकलं नाही. मी तो कार्यक्रम नकाशावर बोट फिरवत वाचला. आठ दिवस, सहा मुक्काम. सात माणसांच्या बॅगा सहा वेळा चढणार, सहा वेळा उतरणार, आणि दर ठिकाणी काउंटरवर तोच संवाद, "आजींना तळमजल्यावरची खोली मिळेल का?" किनाऱ्याचा रस्ता नकाशावर सरळ दिसतो, पण खाडी आली की तो आत वळतो, चढतो, उतरतो, मग पुन्हा समुद्राकडे येतो. चाळीस किलोमीटरला पाऊण तास हा महामार्गावरचा हिशेब तिथे चालत नाही.

तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकते. चौदातली दहा-अकरा ठिकाणं खोडा. रत्नागिरी जिल्हा या खेपेला अख्खा सोडा. सिंधुदुर्गाचा दक्षिणेकडचा तुकडा घ्या: सावंतवाडी, कुडाळ आणि वेंगुर्ला हे तीन तालुके आणि मालवणला एक सकाळ. सावंतवाडीत राहिलात तर आंबोलीचा डोंगर, वेंगुर्ल्या-शिरोड्याचा समुद्र, कुडाळ-पिंगुळी, सगळं तीसेक किलोमीटरच्या टप्प्यात येतं. सकाळी निघा, जेवायला परत या.

आणि दुपारी झोपा. हे मी गमतीने म्हणत नाही, तुमच्या सहलीतली ही सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे. कोकणातला निसर्ग सकाळी बघायचा असतो आणि गाव दिवसाउजेडी, पण तिथलं जे खरं नाटक आहे, देवळापुढचा दशावतार, ते रात्री दहानंतर सुरू होतं. एजंटच्या कार्यक्रमात रोज संध्याकाळी 'रात्री मुक्काम' एवढंच लिहिलेलं असतं. त्या दोन शब्दांत निम्मं कोकण निसटून जातं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्हीही असाच यादीवाला दौरा केला होता. कुडाळजवळच्या एका गावात मुक्काम होता. जेवून ओसरीत बसलो तर शेतापलीकडून मृदंग ऐकू यायला लागला. घरमालकीण म्हणाली, "देवळात धयकालो आसा, येतल्यात?" (धयकालो म्हणजे दहीकाला, जत्रेतला दशावताराचा खेळ.) आम्ही घड्याळाकडे पाहिलं. सकाळी सहाला निघून तीन ठिकाणं उरकायची होती. 'पुढच्या वेळी नक्की' म्हणालो आणि झोपलो. त्या तीनपैकी दोन ठिकाणं कुठली होती ते सांगायला आज मला फोटो उघडावे लागतील. मृदंग मात्र अजून ऐकू येतो, आणि दर वेळी स्वतःचाच राग येतो. पुढच्या वर्षी एकटी गेले आणि पहाटेपर्यंत बसले.

आता तुमच्या आठ दिवसांचं बघू.

पहिला दिवस पुणे ते कोल्हापूर, बस्स. एका दमात सावंतवाडी गाठता येते, साडेतीनशेच्या वर किलोमीटर आहे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला आठ-नऊ तास गाडीत बसवू नका. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन झालं की सासूबाईंचं खातं उघडलं. दुसऱ्या दिवशी आजऱ्यावरून आंबोलीकडे निघा.

आंबोलीबद्दल एक गैरसमज आत्ताच काढून टाकते. मुलाने इंटरनेटवर धबधब्यांचे फोटो पाहिले असतील. ते पावसाळ्यातले. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं हे गाव डिसेंबरात कोरडं आणि थंड असतं. घाटातला मोठा धबधबा तेव्हा ओल्या दगडाएवढाच उरतो. तरी थांबा, कारण हिरण्यकेशीचं देऊळ. गुहेतून पाणी येतं, पुढे कुंड, भोवती दाट झाडी. इथे उगम पावलेली नदी समुद्राकडे न जाता पूर्वेला वळते आणि कर्नाटकात घटप्रभेला मिळते. समुद्र इतका जवळ असून तिने पाठ फिरवली, हे नातवाला नकाशावर दाखवा. याच पाण्यात सापडलेल्या एका छोट्या रंगीत माशाची नवी जात म्हणून २०२० मध्ये नोंद झाली, तिला नावही हिरण्यकेशीचंच दिलं, आणि २०२१ मध्ये सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. गावाला तो देवाचा मासा, त्यामुळे त्याला गावाचं संरक्षण आधीपासूनच होतं. सासूबाईंना देऊळ, नातवंडांना मासा. मग घाट उतरून सावंतवाडी.

सावंतवाडीत चार रात्री काढा.

हे गाव लोक 'मधलं' म्हणून ओलांडतात. गोव्याला जाताना चहा प्यायचं ठिकाण. (तुम्ही स्वतःला मधली म्हणवून घेतलंत म्हणून नाही, पण मधल्यांवर हा अन्याय नेहमीचाच.) मध्यभागी मोती तलाव, काठाला सावंत-भोसल्यांचा जांभ्या दगडातला राजवाडा, समोर बाजार. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, पण चाल अजून संस्थानीच आहे. दुपारी एकनंतर गाव पापणी मिटतं, तेव्हा राजवाड्याची वेळ आधी फोन करून विचारा.

राजवाड्यात तुमच्या सुनेला किमान दोन तास द्या, कारण तिथे गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा, असे बारा, एकूण १२० पाने. पूर्वी कापडाला चिंचोक्याची खळ लावून, वर खडू आणि लाख चढवून पाने करत. दरबारात बसून कारागीर ही पाने अजून हाताने रंगवतात. मी गेले तेव्हा एक बाई मत्स्याचं पान करत होत्या. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठं वर्तुळ, आणि त्यात माशाचे खवले एकेक करून, दोन-चार केसांच्या कुंचल्याने. मी अर्धा तास उभी होते, तेवढ्यात त्यांचा मासा शेपटीपर्यंतही आला नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कला एका वयोवृद्ध चिताऱ्याच्या हातात कशीबशी उरली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती त्याच्याकडून स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं, म्हणून ती आज दिसते.

नातवंडांना नुसतं दाखवू नका, खेळ शिकवा. तिघे जण लागतात, पत्त्यांचा क्रम उलट-सुलट असतो (राजा-वजिराखाली पाच रंगांत दहाचं पान भारी, उरलेल्या पाचांत एक्का भारी), आणि सगळ्यात मजेचा नियम असा की दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे राम त्याने सुरुवात करायची, रात्री बसलात तर कृष्णवाल्याने. आठ वर्षांच्या मुलाला हा नियम एकदा कळला की तो दिवे लागायची वाट बघतो. पूर्ण संच महाग असतो. परवडला नाही तर दोन-चार सुटी पाने घ्या, पण तिथूनच घ्या.

राजवाड्यातून चालत चितारआळीत जा. लाकडी खेळणी आणि फळं. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड, त्यावर रंग, आणि पाटीत मांडलेली केळी, आंबे, वांगी, मिरच्या. सून गुजराती घरातली आहे, तिच्या आईसाठी भाजीची एक टोपली न्यायला सांगा. विमानात फुटत नाही, कस्टमवाले मात्र एकदा उघडून बघतात. दुकानाच्या मागे काम चालू असेल आणि विचारलंत तर बहुतेक जण आत बोलावतात. भाव करा, पण फार नको.

एक दिवस कुडाळकडे ठेवा. कुडाळला लागूनच पिंगुळी. ठाकर समाजाची इथली घरं पिढ्यान् पिढ्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावली-बाहुल्यांचे खेळ करत आली. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. चित्रकथी म्हणजे सुट्या कागदांवर काढलेली रामायण-महाभारतातली चित्रं. एका कथेच्या चित्रांची एक 'पोथी'. एकेक चित्र उभं धरायचं, वाद्याच्या साथीने तो प्रसंग गायचा, मग पुढचं चित्र. सिनेमा यायच्या आधीचा सिनेमाच म्हणा. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात या सगळ्याचं संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे आधी कळवून जा, म्हणजे बाहुल्यांचा खेळ बघायला मिळेल. नात बारा वर्षांची आहे, ती या वयात 'बाहुल्या?' म्हणून नाक मुरडेल. तिला पडद्याच्या मागल्या बाजूला बसवा. दिव्याच्या पुढे चामडं हललं की पलीकडे हनुमान कसा उडतो, हे मागून बघण्यात पुढून बघण्यापेक्षा जास्त मजा आहे.

त्याच दिवशी, दमला नसाल तर, वालावल. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, शेजारी तळं, पुढे कर्ली नदीचं रुंद पाणी आणि माड. इथे 'बघायचं' असं काही नाही, बसायचं आहे. नाहीतर खाडीपलीकडे मालवण तालुक्यातलं धामापूर. तिथला तलाव १५३० च्या सुमाराचा, काठाला भगवतीचं देऊळ, आणि २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत त्याचं नाव गेलं. गाव एक गोष्ट सांगतं. लग्नाकार्याला दागिने हवे असले की लोक तळ्याला सांगायचे, दुसऱ्या दिवशी दागिने काठावर मिळायचे, कार्य झालं की परत करायचे. मग एकाने परत केले नाहीत. तेव्हापासून तळं काही देत नाही. सासूबाईंच्या तोंडून ही गोष्ट नातवंडांना ऐकू दे, इंग्रजीत सांगायला गेलात तर तिची चव जाईल.

आता रात्रीचं.

दशावताराचा हंगाम त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत गावोगावच्या जत्रांमधून चालतो. म्हणजे तुम्ही जाताय ते दिवस अगदी मधोमध आले. जत्रांच्या तारखा तिथीवर असतात, दर वर्षी इंग्रजी तारीख बदलते, म्हणून मी तुम्हाला इथून तारीख सांगत नाही. सावंतवाडीत पोचल्यावर घरमालकाला, रिक्षावाल्याला, पानवाल्याला एकच प्रश्न विचारा, "हल्ली खंय दशावतार आसा?" मोडकी मालवणी चालेल, ऐकणाऱ्याला आनंदच होतो. नाक्यावरचे फलक बघा, स्थानिक पेपर घ्या, त्यात रोजचे प्रयोग छापून येतात. मोचेमाडकर, वालावलकर, चेंदवणकर, पार्सेकर अशी कंपन्यांची नावं दिसतील. लोकांची आवडती कंपनी ठरलेली असते आणि त्यावरून वादही होतात, तुम्ही कुणाची बाजू घेऊ नका.

प्रयोग दोन तऱ्हेचे मिळतील. वाडीतले किंवा कुणाच्या घरच्या कार्यानिमित्तचे प्रयोग हल्ली रात्री आठच्या सुमाराला सुरू होतात आणि मुलांना झेपतात. जत्रेतला खरा, तो पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर, मध्यरात्रीकडे. सुरुवातीला आड दशावतार: गणपती येतो, सरस्वती येते, काळ्या कपड्यातला संकासुर येतो आणि मालवणीत सगळ्यांची फिरकी घेतो. मग आख्यान. लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी कथा ठरते आणि पुढे ज्याने त्याने आपलं बोलणं उभ्या उभ्या रचायचं. सगळी कामं पुरुषच करतात. स्त्रीपार्टी करणारा उत्तम असला की दहा मिनिटांत तुम्ही विसरता. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. त्यावर राजा बसला की सिंहासन, त्याच्यावर आडवं झालं की पलंग, ओलांडलं की डोंगर. मृदंग, पेटी आणि झांज.

थोडं लवकर जा आणि देवळाच्या मागल्या बाजूला डोकवा. एका बल्बखाली, हातात छोटा आरसा धरून, माणसं स्वतःचं तोंड स्वतः रंगवत असतात. दिवसा कुणी शेती करतो, कुणी रिक्षा चालवतो. मी पाहिलं तेव्हा एक द्रौपदी बिडी ओढत होती आणि फोनवर कुणाला तरी गवताच्या पेंढ्या कुठे ठेवायच्या ते सांगत होती. दहा मिनिटांनी तीच वस्त्रहरणात ओरडली तेव्हा माझ्या शेजारच्या आजींनी डोळ्याला पदर लावला. मुलांना हे दाखवा, पण आधी विचारा, आणि फ्लॅश अजिबात नको.

सकाळी जे दहा अवतार एवढ्याशा गोल पानांवर बघितले त्यांचंच नाव रात्रीच्या या खेळाला आहे, हे सुनेला सांगायची गरज पडणार नाही, तिचं तिलाच दिसेल. याच कारणासाठी मी म्हणते, एकाच मुलखात राहा. वीस किलोमीटरच्या आत एकच गोष्ट राजवाड्यात लाखेवर, पिंगुळीत कागदावर आणि देवळात माणसाच्या अंगावर चढलेली सापडते. चौदा ठिकाणं फिरून हे धागे जुळत नाहीत.

व्यवहाराचं: तुमचे यजमान रात्री गाडी चालवणार नाहीत. त्यांना पटवत बसू नका. स्थानिक गाडी ड्रायव्हरसकट ठरवा, परतीची वेळ मोकळी ठेवा. मुलांना बाराला पेंग आली तर मुलगा-सून त्यांना घेऊन परत येतील. सासूबाईंची मात्र खात्री देत नाही. माझा अंदाज असा की पहाटे शेवटी हंडी फुटून दहीकाला होईपर्यंत त्या उठणार नाहीत आणि गुडघ्याचं नाव काढणार नाहीत. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची न्या आणि ती बाजूला, मागे ठेवा. बाकीचे चटईवर. जत्रेत खाजा घ्या: बेसनाची कांडी, गूळ आणि आलं, वर कुरकुरीत, दाताला चिकटणारा. सुनेला चालतो.

सासूबाईंच्या देवळांबद्दल आणखी थोडं. रेडीचा गणपती तुमच्या यादीत होता, तो राहू द्या. लोहखनिजाच्या खाणीत १९७६ मध्ये सापडलेली दोन हातांची मूर्ती आहे, मुलांना ती गोष्ट आवडते. पण त्याआधी आरवलीचा वेतोबा. वेंगुर्ल्याहून शिरोड्याला जाताना वाटेतच. माणसाहून उंच मूर्ती, आणि नवसाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला वाहतात, चांगल्या हातभर लांबीच्या. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात, म्हणून नव्या लागतात. मांडून ठेवलेल्या चपलांपुढे नातू स्वतःचं पाऊल लावून बघेल, बघू द्या. आणि कुठल्याही देवळात गावकऱ्यांना विनंती करून सासूबाईंसाठी एक गाऱ्हाणं घालून घ्या. "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात होते, तुमच्या नातवंडांची नावं त्यात येतात, आणि मधे मधे सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मराठी बोलायला लाजणारी मुलं हे दोन शब्द पहिल्या फटक्यात बोलतात आणि मग आठवडाभर ऐकवत राहतात.

शेवटच्या दोन रात्री मुलाच्या समुद्राला. तारकर्ली नको. वाईट आहे म्हणून नको असं नाही, नाताळच्या आठवड्यात तिथे पाणी कमी आणि माणसं जास्त दिसतात, आणि भाडं दुप्पट सांगतात. भोगवे, निवती किंवा खवणे बघा. भोगव्याच्या टोकाला कर्लीचं पाणी समुद्राला मिळतं, पलीकडे देवबाग दिसतं. खवण्याला खाडीत कांदळवनातून छोट्या होडीने फिरवतात. पोहताना मात्र गावातल्या माणसाला विचारूनच पाण्यात उतरा. टोरांटोच्या तलावात पोहणाऱ्याला इथली ओढ कळत नाही.

या दोन दिवसांतली एक सकाळ मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी. कुरटे बेटावर १६६४ मध्ये बांधायला घेतलेला, अठ्ठेचाळीस एकरांचा, पायात शिसं ओतून उभा केलेला. २०२५ च्या जुलैत मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे गर्दी वाढली आहे. पहिल्या होड्यांपैकी एखादी पकडा. आत शिवराजेश्वराचं देऊळ बघा, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चारही बाजूंनी खारं पाणी असताना हे गोडं पाणी कुठून, यावर मुलांना डोकं लढवू द्या. सासूबाईंना इथे नेऊ नका. होडी हलते, चढता-उतरताना एक पाय हवेत असतो. त्या आणि तुम्ही धक्क्यावर चहा घेऊन बसा. तुम्हालाही कुणी 'काय झालं' विचारणार नाही असा एक तास हवाच असेल.

आता तुमचा मुद्दा, जो तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिलात. स्वयंपाकघरवाला बंगला घेऊ नका. सात माणसं, एक ओटा आणि 'थोडासा चहा टाक ना' हे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. घरगुती न्याहरी-निवास घ्या, जिथे घरची बाई रांधते. बुक करताना तीन गोष्टी विचारा: तळमजला आहे का, कमोड आहे का, आणि शाकाहारी वेगळ्या भांड्यात होईल का. तिसऱ्याला हसत 'होय' म्हणतील आणि खरंच करतील, कारण मार्गशीर्षातल्या गुरुवारी त्यांच्याही घरी मासळी नसते.

सुनेची उपासमार होईल ही भीती काढून टाका. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, घावणे, कुळथाची पिठी, नारळाच्या गोड रसातल्या शिरवाळ्या, सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं. हे सगळं हॉटेलच्या पाटीवर नसतं, आदल्या दिवशी सांगून ठेवायला लागतं. बाकीच्यांना बांगड्याचं तिखलं मिळेल, तिरफळ घातलेलं. नातवाला तिरफळ चावू देऊ नका, जीभ बधिर होते आणि तो जेवण सोडतो. सोलकढी मुलं पहिल्या दिवशी नाकारतात, तिसऱ्या दिवशी मागून घेतात.

गोवा खोडा. तुम्ही शिरोड्या-रेडीला गेलात की गोवा खाडीपलीकडे दिसेलच, तेवढा पुरे. आणि विजयदुर्गासाठी मुलगा हट्ट धरेल, त्याला सांगा की ते पुढच्या वेळचं, तीन वर्षं थांबू नकोस.

परतताना आठव्या दिवशी पहाटे निघा, फोंडा घाटाने राधानगरीवरून कोल्हापूर गाठा आणि तिथून पुढे यजमान आणि मुलगा आळीपाळीने. कॅनडाच्या परवान्यावर इथे गाडी चालवायची तर त्याने तिथूनच आंतरराष्ट्रीय परवाना करून आणायला हवा, हे आजच कळवा. एजंटला आगाऊ रक्कम दिली असेल तर तारीख बघून आत्ताच रद्द करा, नाताळ जवळ आला की परत देताना कुरकुर करतात.

बॅगेत प्रत्येकी एक शाल टाका. डिसेंबरात दिवसा घाम येईल आणि तुम्हाला वाटेल मी उगाच सांगितलं. पहाटे तीनला देवळासमोर दव पडायला लागलं की नात तुमच्या शालीत शिरेल. चटई न्यायची गरज नाही, घरमालकीण देते.

ताई